लेकरांच्या हाती सुई-दोरा



आपण गोधडी शिवायला बसलो की लेकरं सुईकडे हात करतात आणि आपण ओरडतो, "लागंल!" पण सुई कायम लपवली, तर आजीचा धावदोरा पुढं जायचा कसा? वयाप्रमाणे शिकवा.

४-५ वर्षं : सुई नको. वहीच्या पुठ्ठ्याला बोटभर अंतरावर भोकं पाडून द्या. बुटाची नाडी एका भोकातून वर, पुढच्यातून खाली. हाच धावदोरा.

६-७ वर्षं : धुतलेल्या गोणपाटाचा तुकडा, बोथट टोकाची मोठी सुई आणि लोकर. लोकर मुलाच्या हाताएवढीच घ्या, लांब घेतली की गुंता होतो.

८ वर्षांपुढं : जुन्या लुगड्याचे चार थर घेऊन बाहुलीची गोधडी. आधी कच्चे टाके घालून थर धरून ठेवा. मग कडेनं सुरू करून आत आत शिवत जा.

सुया मोजून द्या, मोजूनच परत घ्या. शिवताना जवळ बसा.

यानं बोटांना वळण लागतं, पेन्सिल धरायलाही मदत होते. आणि हो, पोरालाही बसवा. स्वतःचं बटण त्यानं स्वतः लावलं, तर तुमचंच एक काम कमी होईल. टाका वाकडा आला तरी उसवू नका. पुढच्या बैठकीला तसाच घेऊन या.

– तुमची क्षेत्र समन्वयक