ओळख आणि अधिकार : फेरफार नोंदीच्या अनुषंगाने

उमरगा तालुक्यातील मुरुम येथे एखाद्या शेतजमिनीची खरेदी झाली, म्हणजे खरेदीदाराचे नाव लगेच सात-बाऱ्यावर चढते असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० अन्वये तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची आणि त्यानंतर सक्षम अधिकाऱ्याने, म्हणजे सामान्यतः मंडळ अधिकाऱ्याने, ती नोंद प्रमाणित करावयाची, असा क्रम आहे. नोंद घेणारा हात आणि ती कायम करणारा हात भिन्न असावेत, हे या क्रमाचे मर्म होय. ई-फेरफार योजनेने हे काम संगणकावर आले. अशा वेब-प्रणालीत ते मर्म कसे राखावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

ओळख पटविणे ही पहिली क्रिया. पासवर्ड, बोटाचा ठसा, डिजिटल स्वाक्षरी ही तिची साधने. पासवर्ड मूळ रूपात कधीच साठवावयाचा नसतो. प्रत्येकासाठी निराळा यादृच्छिक अंश मिसळून त्याचे एकमार्गी रूपांतर तेवढे ठेवतात. याची तयार साधने उत्तम आहेत, तेव्हा ती स्वतः रचण्याचा हव्यास नसावा.

अधिकार तपासणे ही दुसरी क्रिया. आणि घात बहुधा येथेच होतो. ‘ओवास्प’ या संस्थेने २०२१ च्या आपल्या सूचीत वेब-प्रणालींच्या धोक्यांमध्ये सदोष प्रवेश-नियंत्रणास पहिले स्थान दिले, ते उगीच नव्हे. तलाठ्याचा अधिकार त्याच्या सजापुरता असतो. पत्त्याच्या ओळीतील नोंद क्रमांक बदलून त्याला दुसऱ्या सजातील नोंद दुरुस्त करता आली, तर त्याची ओळख बिनचूक पटूनही उपयोग काय? ‘प्रमाणित करा’ हे बटण लपविल्यानेही काही साधत नाही. बटणावाचूनही विनंती सर्व्हरकडे धाडता येते. म्हणून प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरनेच भूमिका, गाव व नोंदीची अवस्था तपासावी, आणि स्पष्ट अनुमती नसल्यास नकार द्यावा. सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मध्येच हे तत्त्व मांडले होते.

तरीही एक फट उरते. एकाच व्यक्तीकडे दोन्ही पदांचा कार्यभार आला, तर भूमिकेची तपासणी निर्वेध पार पडते. अशा वेळी नोंद घेणारा आणि प्रमाणित करणारा एकच नाही ना, हे त्या नोंदीशीच ताडून पाहावे लागते. बदलीचेही तसेच : कार्यभार सुटताच चालू सत्रातील अधिकारही त्याच क्षणी संपुष्टात आले पाहिजेत.