पुंगळीचे आयुष्य

कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना आमच्या गोळीबाराच्या सरावाचा निम्मा वेळ पुंगळ्या मोजण्यात जाई. प्रत्येकाला पाच गोळ्या मिळत आणि पाच रिकाम्या पुंगळ्या परत द्याव्या लागत. हिशेब हिंदीत चाले. पुंगळीला तिथे ‘खोका’ म्हणत. एकदा एक खोका कमी भरला. ·२२ बोअरची पुंगळी ती, शेंगदाण्याएवढी. आम्ही तीसेक मुले भर उन्हात गुडघ्यांवर बसून गवत चाळत होतो. शेवटी एकाच्या बुटाच्या नाडीत ती अडकलेली सापडली. परत न आलेली पुंगळी म्हणजे कदाचित न झाडलेली, कुणाच्या तरी खिशात गेलेली जिवंत गोळी. सगळा आटापिटा त्यासाठी होता.

चाळीस वर्षांनी मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका मैदानावर पुन्हा तसाच गुडघ्यांवर बसून गवत चाळतो. इथे हिशेब मागणारे कुणी नाही. मी पुंगळ्या वेचतो त्या पुन्हा भरण्यासाठी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरणे हा रीतसर छंद आहे आणि गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर तो चालतो.

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर आणि या तिघांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. उरते ती पुंगळी, आणि चौघांत महागही तीच. आमच्या एन.सी.सी.तली ·२२ ची पुंगळी मात्र पुन्हा भरता येत नाही, कारण तिचा स्फोटक लेप बुडाच्या कडेतच भरलेला असतो. मोठ्या रायफलीच्या काडतुसात प्रायमर बुडाच्या मधोमध, वेगळ्या वाटीत बसतो. त्याच्या दोन रचना आहेत. बर्डन या अमेरिकनाची रचना युरोपात रुजली आणि बॉक्सर या इंग्रजाची अमेरिकेत! बॉक्सरच्या रचनेत मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे साध्या दाभणासारख्या पिनेने जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. अमेरिकेत हा छंद फोफावला त्याचे श्रेय या छिद्रालाही द्यायला हवे.

माझी रायफल आहे एम-१ गॅरंड. अमेरिकी सैन्याने ती १९३६ मध्ये स्वीकारली. अर्धस्वयंचलित म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस आत घेण्याचे काम बंदूक स्वतः करते. नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून थोडा वायू दांड्यावर आदळतो, दांडा मागे जातो, बोल्ट फिरून उघडतो, आकडा पुंगळीची कड धरून तिला खेचतो आणि स्प्रिंगचा खुंटा तिला उजवीकडे पुढे भिरकावतो. आठवी गोळी सुटली की लोखंडी क्लिपही टणकन बाहेर उडते.

म्हणून पुंगळ्या पकडण्याची खटपट. काही रायफलींना बाजूला जाळीची पिशवी लावता येते. गॅरंडमध्ये क्लिप वरून भरावी लागते आणि वरूनच उडते, तिथे पिशवी आडवी येते. मी उजव्या हाताला एक जुनी चादर अंथरतो. तरी दोनचार पुंगळ्या नेमबाजांच्या रेषेपुढे जाऊन पडतातच, आणि गोळीबार थांबल्याची हाक येईपर्यंत त्या उचलायला जायचे नाही. शर्टाच्या कॉलरमध्ये ताजी पुंगळी शिरलेला माणूस कसा नाचतो, हेही याच मैदानावर पाहिले.

आता पितळेकडे येऊ. पुंगळीचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. दारू पेटते तेव्हा आत दर चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंड दाब येतो (मोटारीच्या चाकात तो तीसेक पौंड असतो). त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना चिकटते आणि वायूला मागे यायला फट ठेवत नाही. दाब उतरला की ती केसभर आकसते, म्हणूनच बाहेर निघते. नेमबाजाचा चेहरा आणि तो स्फोट यांच्यामधले बूच म्हणजे ही पुंगळी.

पण प्रत्येक ताणाबरोबर पितळ कठीण आणि ठिसूळ होत जाते. याचा एक धडा भारतातच मिळाला होता. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवत आणि पावसाळा सरला की पुष्कळ पुंगळ्यांच्या माना तडकलेल्या निघत. ऋतूमुळे घडते म्हणून याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडले. कारण उलगडले १९२१ मध्ये. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण, या दोघांनी मिळून ते केले होते. माना तापवून तो ताण घालवणे हा त्यावरचा उपाय.

वेचलेल्या पुंगळ्या मी अक्रोडाच्या कवचांच्या चुऱ्यात घोळवून साफ करतो. त्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते, म्हणून तोंडाला फडके बांधतो आणि नंतर साबणाने हात धुतो. मग पुंगळी पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची. गॅरंडमध्ये काडतूस कुठेही न अडकता आत सरकले पाहिजे, म्हणून पूर्ण अंग दाबावे लागते. प्रायमर बुडाच्या किंचित आत बसवावा लागतो, कारण या रायफलीची पिन मोकळी असते आणि बोल्ट बंद होताना प्रायमरला हलका टोला देते. वर राहिलेला प्रायमर चाप न ओढताच पेटू शकतो.

प्रायमरची काळजी मी घेतली होती. चुकलो ते खांद्याच्या मापात. डाय जितकी खाली जाईल तितकी बसवली आणि दर वेळी पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे दाबत राहिलो. असे काडतूस चेंबरमध्ये सैल बसते. स्फोटात पुंगळीचा पातळ पुढचा भाग भिंतीला धरून राहतो आणि जाड बूड मागे बोल्टवर आदळते. मधली जागा ताणते. बाहेरून काही दिसत नाही.

चौथ्या भरणीला आवाज जरा बोदा आला. पुंगळीचे नुसते बूड बाहेर पडले, नळकांडे चेंबरमध्येच राहिले आणि पुढचे काडतूस त्यात जाऊन रुतले. मला काही झाले नाही, पण थोडा वायू मागे आला होता, तो गालाला जाणवला. आधी ते जिवंत काडतूस जपून बाहेर काढले. शेजारच्या म्हाताऱ्या नेमबाजाकडे तुटकी पुंगळी ओढून काढायचे छोटे हत्यार होते, त्याने नळकांडे निघाले. त्याने माझ्याकडची दुसरी एक पुंगळी उचलली, कागदाला लावायची टाचणी सरळ करून टोकाशी वाकवली आणि आत घालून भिंतीवरून फिरवली. बुडाच्या थोडे वर ती खटकन अडली. “तू फिरवून बघ,” म्हणाला. खाच स्पष्ट लागत होती.

घरी येऊन मी एक पुंगळी करवतीने उभी चिरली. आतल्या बाजूला घळ पडलेली, तिथे पितळ कागदाएवढे उरलेले.

आता खांदा मापकाने तपासतो आणि झाडलेल्या पुंगळीपेक्षा तीन-चार हजारांश इंचच मागे घेतो. किती वेळा भरली त्याची नोंद डब्यावर ठेवतो आणि चौथ्या भरणीनंतर पुंगळी बाद. त्या घाणीतल्या उरलेल्या ५९ पुंगळ्यांत टाचणी अडली ती ३२ मध्ये, पण मी सगळ्याच टाकल्या. आणखी कुणी वेचून भरू नयेत म्हणून प्रत्येकीची मान पकडीने चेपली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ओतल्या. त्याने न मोजता वजन करून घेतल्या.