खेळण्यातील आगगाडी आणि प्रदेशाचा इतिहास

सणासुदीच्या दिवसांत मुलांच्या करमणुकीसाठी मांडलेला देखावा सण संपताच उचलून ठेवला जातो. पुढील वर्षी तो पुन्हा मांडला जाईलच असे नसते. परंतु असा एक देखावा शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला, वर्षागणिक वाढत गेला आणि एका संपूर्ण प्रदेशाच्या लोकजीवनाचा दस्तऐवज बनला, असे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पाहावयास मिळते. पिट्सबर्ग शहरातील विज्ञान केंद्रात असलेले ‘मिनिएचर रेलरोड अँड व्हिलेज’, म्हणजेच ‘छोटी रेल्वे आणि गाव’, हे प्रदर्शन ते होय. स्थानिक इतिहासाचे जतन कसे करावे, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायतींना त्यापासून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

प्रथेचा उगम

पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात स्थायिक झालेल्या मोरावियन पंथाच्या जर्मन भाषक लोकांमध्ये नाताळात येशूजन्माचा देखावा मांडण्याची चाल होती. या देखाव्याला ते ‘पुट्झ’ म्हणत. आपल्याकडे गौरी-गणपतीपुढे जशी आरास करतात, तशीच ही हौस होती. शेवाळ, दगड, लाकडी प्राणी अशा साध्या साहित्यातून देखावा उभा राही. पुढे त्यात घरे, पूल, गिरण्या यांची भर पडत जाऊन नाताळच्या झाडाखाली लहानसे गावच वसू लागले.

या गावात आगगाडी आली ती विसाव्या शतकात. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी न्यूयॉर्क येथे १९०० साली लायोनेल ही कंपनी स्थापन केली. दुकानाच्या दर्शनी खिडकीत गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी लहान गाडी तयार केली. गंमत अशी की, लोक खिडकीतील मालापेक्षा गाडीच विकत मागू लागले! तेथून पुढे विजेची आगगाडी हा अमेरिकेतील नाताळचा अविभाज्य भाग बनला.

एका जायबंदी सैनिकाचा छंद

पिट्सबर्गच्या ईशान्येस ब्रुकव्हिल नावाचे लहान गाव आहे. तेथील चार्ल्स बाउडिश हे पहिल्या महायुद्धातून अपंगत्व घेऊन परतलेले सैनिक होते. १९२० सालच्या नाताळात त्यांनी आपल्या घरी छोट्या रेल्वेचा देखावा मांडला. तो पाहणाऱ्यांना इतका आवडला की, दर हिवाळ्यात त्यांच्या घरी लोकांची रीघ लागू लागली. देखाव्यातील घरे, गिरण्या, माणसे बाउडिश स्वतः तयार करीत. परिसरातील खऱ्या वास्तू हाच त्यांचा नमुना असे.

घरची जागा अपुरी पडू लागल्यावर १९५४ मध्ये हा देखावा पिट्सबर्गच्या ब्यूल तारांगणात हलविण्यात आला. तेथून १९९२ मध्ये तो त्या वेळच्या कार्नेगी सायन्स सेंटरमध्ये आला. हे केंद्र आता कामिन सायन्स सेंटर या नावाने ओळखले जाते. एका व्यक्तीच्या घरातील छंद संस्थेच्या स्वाधीन झाला, म्हणूनच तो त्या व्यक्तीच्या पश्चातही टिकला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रमाणाचे गणित

हे प्रदर्शन ८३ फूट लांब व ३० फूट रुंद अशा मंचावर मांडलेले आहे. त्यातील गाड्या ‘ओ’ या प्रमाणाच्या आहेत. अमेरिकेत या प्रमाणाचा अर्थ एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या एका फुटासाठी प्रतिकृतीत पाव इंच असा होतो. सहा फूट उंचीचा माणूस या जगात दीड इंचाचा होतो, तर चाळीस फूट लांबीचा मालडबा दहा इंचांचा होतो. लायोनेल पद्धतीच्या मार्गात तीन रूळ असतात. मधल्या रुळातून कमी दाबाची वीज इंजिनास मिळते आणि बाहेरील रुळांतून ती परत फिरते. घरगुती वीजपुरवठ्याचा दाब रोहित्राच्या साहाय्याने उतरवून घेतलेला असल्याने मुलांनाही ही गाडी निर्धोकपणे हाताळता येते.

हेच गणित थोडे पुढे नेले असता एक महत्त्वाची बाब ध्यानात येते. ८३ फुटांस ४८ ने गुणले तर ३,९८४ फूट होतात. याचा अर्थ, एवढा भव्य मंचसुद्धा प्रत्यक्षात जेमतेम पाऊण मैलाचा प्रदेश दाखवू शकतो. एका मोठ्या कारखान्याचे आवारदेखील एवढ्या जागेत पुरते मावणार नाही. तेव्हा संपूर्ण पश्चिम पेनसिल्व्हेनिया दाखवावयाचा तर काय घ्यावे आणि काय गाळावे, याचा निर्णय करावाच लागतो. प्रतिकृती करणाऱ्याचे खरे काम येथे सुरू होते. हे काम इतिहासकाराच्या कामाहून फारसे वेगळे नाही.

काय जतन केले आहे?

या प्रदर्शनासाठी सुमारे १८८० ते १९४० हा कालखंड निश्चित करण्यात आला आहे. काळाची ही मर्यादा पाळल्यामुळे देखाव्याला इतिहासाची शिस्त प्राप्त झाली आहे. पोलादाचा कारखाना, रेल्वे, शेते आणि मनोरंजनाची ठिकाणे असे त्या काळच्या श्रमाचे व विरंगुळ्याचे चित्र त्यात आढळते. फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने १९३५ मध्ये धबधब्यावर आखलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर त्यात आहे. १९०९ मध्ये उभारलेले फोर्ब्स फील्ड हे बेसबॉलचे क्रीडांगणही आहे. त्यातील हजारो प्रेक्षक कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या रंगवून बनविलेले आहेत. हलत्या प्रतिकृतींची संख्या शंभरांवर आहे. असंख्य झाडे हायड्रेंजिया या रानझुडपाच्या वाळलेल्या फुलोऱ्यापासून हाताने तयार केलेली आहेत.

यांपैकी अनेक गोष्टी प्रत्यक्षात आज उरलेल्या नाहीत. फोर्ब्स फील्डवरील अखेरचा सामना १९७० मध्ये झाला आणि पुढील वर्षी ते पाडण्यात आले. पोलाद उद्योगाची कहाणी तर अधिकच मर्मभेदक आहे. मोनोंगाहेला नदीच्या काठावरील होमस्टेड हा कारखाना जगातील अग्रगण्य कारखान्यांपैकी एक होता. १८९२ मधील कामगारांच्या संघर्षामुळेही तो इतिहासात नोंदला गेला. १९८६ मध्ये तो बंद पडला. त्याच्या जागी आता बाजारपेठ आहे. त्या दशकात या खोऱ्यातील हजारो कुटुंबांचा रोजगार गेला आणि तरुण पिढी अन्यत्र पांगली. आजोबा कोठे काम करीत होते, हे नातवंडांना दाखवावयाचे म्हटले तरी दाखविण्यास जागा उरली नाही. अशा वेळी मंचावरील लहानशा कारखान्याकडे बोट दाखवून वडीलधारी मंडळी आपल्या घराण्याची हकीकत सांगू शकतात. या प्रदर्शनाचे खरे मोल त्यातच आहे.

दरवर्षी शरद ऋतूत काही आठवडे प्रदर्शन बंद ठेवून गाड्यांची व यंत्रणेची दुरुस्ती केली जाते. त्याच वेळी परिसरातील एखाद्या ऐतिहासिक वास्तूची नवी प्रतिकृती त्यात समाविष्ट करण्यात येते आणि नाताळपूर्वी ते पुन्हा खुले होते. या कामी स्वयंसेवकांचाही हातभार लागतो. यंदा कोणती वास्तू येणार, याविषयी लोकांत कुतूहल असते. त्यामुळे स्थानिक इतिहासाची चर्चा दरवर्षी नव्याने होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. दिवाळीच्या सुटीत घरोघरची मुले दगड, माती आणि ओले गोणपाट यांपासून किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, मातीचे मावळे उभे करतात. सणाच्या निमित्ताने प्रतिकृतीतून इतिहास उभा करण्याचाच हा प्रकार आहे. छोट्या रेल्वेचीही आपल्याकडे उणीव नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आबालवृद्धांचे आकर्षण ठरले आहे. उणीव आहे ती या दोहोंची सांगड घालून आपल्या गावचा नजीकचा इतिहास मांडण्याची.

असा इतिहास झपाट्याने लोपत आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद वाट आता रुंदमापी झाली आहे. मुंबईच्या गिरणगावातील भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थांबत गेले. कोयना, जायकवाडी, उजनी या धरणांखाली कित्येक गावठाणे बुडाली. त्या गावांतील वेस, पार, चावडी आणि नदीकाठचे घाट पाहिलेली पिढी आता वार्धक्यात आहे. त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या नाहीत, तर त्या त्यांच्याबरोबरच जातील.

हे काम फार खर्चाचे नाही. शाळेतील एखादी भिंतीलगतची जागा, पुठ्ठा, माती, लाकडाचे तुकडे एवढ्यावर आरंभ करता येईल. प्रथम काळ ठरवावा. मग जुने गावनकाशे, घराघरांतील छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी गोळा करून त्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. प्रमाण निश्चित करून मोजमापे घ्यावीत. गणित, भूगोल, इतिहास आणि हस्तव्यवसाय या चारही विषयांचा अभ्यास या एका उपक्रमातून साधतो. केवळ मंदिर आणि वाडा न दाखविता कुंभारवाडा, बलुतेदारांची घरे, पाणवठा आणि त्यावरील भेदांच्या खुणाही प्रामाणिकपणे दाखविल्या पाहिजेत. अन्यथा तो इतिहास न राहता शोभेची आरास होईल.

प्रतिकृती एकदाच पूर्ण करण्याचा आग्रहही नसावा. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत एका वास्तूची भर घालावी आणि ग्रामपंचायतीने तिच्या जतनाची जबाबदारी स्वीकारावी. ब्रुकव्हिलच्या एका घरात सुरू झालेली छोटी रेल्वे शंभर वर्षे धावत राहिली, ती दरवर्षी पडलेल्या या लहानशा भरीमुळेच. दिवाळीतील किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडला जातो. त्याच्या शेजारी मुलांनी उभारलेले स्वतःचे गाव मात्र मोडू नये, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनी घेतली, तरी पुढील पिढीच्या हाती पुष्कळ काही उरेल.