सेकंडहँड स्कूटर, फर्स्टहँड धडा

‘लेडी ड्रिव्हन, सिंगल ओनर, एकही स्क्रॅच नाही.’ सेकंडहँड स्कूटरच्या जाहिराती चाळायला बसलात की हे वाक्य दिसणारच. उरलेल्या जाहिरातींमध्ये गाडी ‘डॉक्टरांची’ असते. या हिशेबाने पुण्यातल्या सगळ्या बायका आणि सगळे डॉक्टर फक्त चतुर्थीला गणपतीच्या दर्शनापुरती गाडी बाहेर काढतात, असं म्हणावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी मीही अशीच एक ‘लेडी ड्रिव्हन’ घेतली. पहिल्या नोकरीतून साठवलेले 55 हजार रुपये, रोजचा बाणेर ते हिंजवडी प्रवास आणि महिन्यातून एकदा-दोनदा साताऱ्याला घरी. एसटीच्या वेळा आणि स्वारगेटची गर्दी यातून सुटका हवी होती, म्हणून 125 सीसीची स्कूटर. रात्री आठ वाजता एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बघितली. ट्यूबलाइटच्या उजेडात नुसती चमकत होती. मी किलोमीटर बघितले, आरसे बघितले, पार्किंगमध्येच दोन चकरा मारल्या आणि टोकन देऊन मोकळी झाले.

तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याला निघाले. तोपर्यंत काहीच कळलं नव्हतं, कारण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये 40च्या वर जायला मिळतंय कुठे? खंबाटकीचा घाट चढले, पलीकडे उतरले, सुरूरकडे जाणारा सरळ रस्ता लागला तशी गाडी 65 ला नेली आणि हँडल थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ताच खराब आहे. पण थरथर वाढतच गेली. शेजारून एक ट्रेलर पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी अशी काही हलली की पोटात गोळाच आला. कशीबशी कडेला घेतली. पुढचा सगळा रस्ता 40 च्या स्पीडने, कडेकडेने. घरी बाबांना सांगितलं, पंक्चर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी पुढचं चाक दोन मिनिटं हलवून बघितलं आणि म्हणाले, “ताई, ही समोरून ठोकलीय. चिमटा सरळ करून बसवलाय. प्लॅस्टिक नवं टाकलंय म्हणून तर चमकतीय ना!”

चूक विकणाऱ्याची होतीच. पण मीही गाडी तपासली पार्किंगसाठी आणि वापरायला काढली हायवेवर. शहर आणि हायवे दोन्ही करायचं असेल, तर स्कूटरची परीक्षा तुमच्या रोजच्या रस्त्यावर होत नाही. महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या सगळ्यात अवघड वीस किलोमीटरवर होते. यावेळी दुसऱ्यांदा गाडी शोधताना मी सुरुवात तिथूनच केली.

सीसी नंतर, चाक आधी

मित्रांना विचारलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसी?’ मला आता वाटतं, पहिला प्रश्न ‘चाक केवढं?’ हा असायला हवा. अ‍ॅक्टिव्हा 125, अ‍ॅक्सेस 125 यांना पुढे 12 इंची आणि मागे 10 इंची चाक असतं. शहरात याने काही बिघडत नाही, उलट गाडी गल्लीबोळातून मस्त वळते. पण छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल जातं, आणि 60 च्या स्पीडला पुलाच्या सांध्यावरून गेलं की मागच्या माणसाचं कंबरडं सांगतं चाक किती इंची होतं ते. एनटॉर्क 125 ला दोन्हीकडे 12 इंची चाकं आहेत. यामाहाची एरॉक्स 155 आणि एप्रिलियाची एसआर 150 किंवा 160 यांना थेट 14 इंची.

मग 14 इंचीच घ्यावी ना? मलाही तसंच वाटलं होतं. एरॉक्स चालवून बघितली आणि प्रेमात पडले. बहुतेक 125 च्या स्कूटर्सना 8 ते 9 पीएसच्या आसपास ताकद असते, हिला 15. घाटात ट्रकच्या मागे अडकलात आणि पुढे मोकळं दिसलं की हात पिरगाळला की गाडी निघते. 70 ला इंजिन ओरडत नाही, कारण अजून बराच दम शिल्लक असतो. हायवेवर सेफ्टी म्हणतात ती पुष्कळदा याच शिल्लक दमात असते.

पण एरॉक्सला पाय ठेवायच्या जागी मधोमध उंचवटा आहे. म्हणजे पायाशी किराण्याची पिशवी नाही, गावाकडून येणारी ज्वारीची गोणी नाही. वजन 126 किलो, अ‍ॅक्सेसपेक्षा वीस-बावीस किलोने जास्त. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून मागे ओढताना हे किलो मोजायला लागतात. आणि सगळ्यात मोठा मुद्दा आई. साताऱ्यात पोचल्यावर ही गाडी आईला घेऊन मंडईत आणि दवाखान्यात जाणार. आईचे गुडघे दुखतात. ती साडीत एका बाजूने बसते, आणि स्पोर्टी गाडीची ती उंच, उतरती मागची सीट बघून तिने फोटोवरच निकाल दिला, “तुझी तू बस त्याच्यावर.”

बर्गमन स्ट्रीटचा विचार मग बरेच दिवस केला. सीट ऐसपैस, पाय पुढे ताणून बसता येतं, समोर छोटी काच. लांबच्या प्रवासाला आरामात हिला तोड नाही. पण 2018 मध्ये आलेल्या मूळ मॉडेलला मागचं चाक 10 इंचीच, आणि सेकंडहँडमध्ये मला तीच दिसत होती. तुमचा हायवे गुळगुळीत असेल तर बिनधास्त घ्या. आमच्या घराकडचे शेवटचे चार किलोमीटर गुळगुळीत नाहीत.

ब्रेकचंही बघायला हवं. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावरच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे जुनी 150 ची स्कूटर घेताना वर्ष बघितलंच पाहिजे. घाट उतरताना बाइकसारखा गिअर खाली टाकून वेग धरता येत नाही, बहुतेक भार ब्रेकवरच येतो. म्हणून मी ठरवलं, पुढे डिस्क नसलेली गाडी बघायचीच नाही. आणि एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस 6 आणि फ्युएल इंजेक्शनवालीच. थंडीत सकाळी चोक ओढत बसण्याचे दिवस कॉलेजबरोबर संपले.

गाडी बघायला जाताना

पहिला नियम : दिवसा जायचं आणि एकटीने जायचं नाही. त्याची कारणं मुलींना सांगायला नकोत. मुलांनो, तुम्हीही दिवसाच जा. पोचल्यावर हेल्मेट वगैरे बाजूला ठेवत सहज इंजिनजवळ हात न्यायचा. गरम लागलं तर समजायचं, तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. सुरू व्हायला त्रास देणाऱ्या गाडीचं पहिलं नाटक थंड इंजिनवरच दिसतं. मी सरळ सांगते, अर्ध्या तासाने येते, बंद करून ठेवा. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पितंय. तिथून गोड बोलून निघायचं.

किलोमीटरच्या आकड्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. डिजिटल मीटरचाही आकडा मागे नेता येतो. त्यापेक्षा ब्रेकचे लिव्हर, हँडलचे ग्रिप आणि पाय ठेवायची जागा बघा. मीटर म्हणतंय नऊ हजार आणि ग्रिप मात्र बोटांच्या जागी गुळगुळीत झालेत, तर दोघांपैकी ग्रिप खरं बोलतंय. आरशाच्या दांड्यावर मोबाइल होल्डरचे वळ आणि मागच्या सीटवर मोठी बॅग घासल्याच्या खुणा असतील, तर गाडी डिलिव्हरीला होती असं समजा. डिलिव्हरीची गाडी वाईटच असते असं नाही, पण ‘फक्त रविवारी वापरली’ ही गोष्ट तरी संपते. सर्व्हिसची बिलं मागा. टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी इतकं जुनं रबर ओल्या रस्त्यावर भरवशाचं नाही.

पुण्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते, पाणी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने किती गाड्या वाहून नेल्या ते इथल्या लोकांना आठवतंय. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या जातातच. सीट उचलून बिजागरीचा गंज बघा, डिकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवा, सुकलेल्या गाळाची पूड हाताला लागते. हेडलाइटच्या आत किंवा मीटरच्या काचेमागे वाफ धरली असेल तर कारण विचारा.

आणि मला घाटात शिकायला मिळालं ते. गाडी मेन स्टँडवर लावायची, मागे कोणाला तरी वजन द्यायला सांगायचं म्हणजे पुढचं चाक उचललं जातं. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. मधोमध ‘खट्’ करून अडकलं तर कोन सेट गेलाय. चाकापुढे उकिडवं बसून चिमटा दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवायचा, खेळ जाणवता कामा नये. पुढचं सगळं प्लॅस्टिक कोरं आणि मागचं मात्र ओरखडलेलं, असं असेल तर खुश होऊ नका.

टेस्ट राइड पार्किंगमध्ये नाही, मोठ्या रस्त्यावरच. त्याआधी इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का विचारून घ्यायचं. माझी युक्ती अशी, की मालकालाच हेल्मेट घालून मागे बसायला सांगायचं. त्यालाही गाडी घेऊन पळून जाईन अशी भीती नाही आणि मला डबलसीटचा पिकअप कळतो. सिग्नलवरून सुटताना गाडी थरथरत निघाली तर क्लचकडे काम आहे. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, तर बेल्ट किंवा रोलर झिजलेत. ही कामं होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त त्याचे पैसे भावातून आधी कमी करायचे. सरळ रस्त्यावर 60 ला हँडल शांत राहतं का, हे मात्र वाटाघाटीचं नाही.

शेवटच्या दोन गाड्यांना मी गॅरेजवाल्या काकांना घेऊन गेले. एका फेरीचे त्यांनी पाचशे रुपये घेतले. माझ्या आयुष्यातले सर्वांत सत्कारणी लागलेले पाचशे रुपये.

कागद

इथे बहुतेक जण कंटाळतात. माझ्या ऑफिसमधल्या एकाने त्याची गाडी सह्या करून एका एजंटला दिली आणि विसरून गेला. ट्रान्सफर झालीच नाही. वर्षभर त्याच्या मोबाइलवर चलनं येत राहिली, कोण चालवतंय याचा पत्ता नाही. चलनांचं सोडा, अपघात झाला तर? आरसीवर ज्याचं नाव, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून विकणाऱ्यांनीही ‘पुढचं ते बघून घेतील’ म्हणू नये.

घेणाऱ्यांनी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघावा. बाकी चलन ऑनलाइन दिसतं, ते आधी भरायला लावावं. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि 30. परराज्यातलं पासिंग स्वस्तात मिळतं, कॉलेज संपवून घरी परतणारी मुलं घाईत असतात. पण त्याला तिथल्या आरटीओचं एनओसी, इथला टॅक्स आणि बऱ्याच फेऱ्या, हा खर्च धरून मग स्वस्त म्हणा.

‘इन्शुरन्स आहे’ या दोन शब्दांवरही थांबू नका. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. म्हणजे विमा असेलही, पण तो समोरच्याच्या नुकसानीचा. तुमची गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपया मिळणार नाही. आणि गाडी नावावर झाल्यावर 14 दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करायला टाका. मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

शेवटी घेतली एनटॉर्क. 2021 ची, एमएच 14, बँकेत काम करणाऱ्या एका दादाची. त्याने स्वतःच सांगितलं की मागचा टायर बदलावा लागेल आणि डाव्या बाजूला एकदा घसरली होती. इतकं खरं बोलणारा माणूस पहिल्यांदाच भेटला म्हणून मीच जरा गोंधळले. 62 हजार म्हणत होता, टायर आणि बेल्टचे धरून 58 ला ठरलं. जुन्या गाडीचं काय केलं विचाराल तर ती गॅरेजवाल्यांनाच दिली, सुट्या भागांच्या भावात. तिचा चिमटा पुन्हा कोणाच्या हातात थरथरायला नको होता.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा ती साताऱ्याला नेली. सुरूरच्या त्याच सरळ रस्त्यावर 65 ला नेली आणि हँडलवरची पकड मुद्दाम जरा सैल करून बघितली. काही नाही. नुसता वारा. घरी आईने गाडीला हळदकुंकू लावलं, एक फेरी मारली आणि उतरताना म्हणाली, “रंग कसला गं हा भडक. पण मागं धरायला बरंय.” बाबा गाडीभोवती दोनदा फिरले, टायर दाबून बघितले आणि विचारलं, “त्या वेळी खरंच पंक्चर झालं होतं का गं?”