हेलसिंकी ते तोक्यो : अंतर किती, वेळ किती?

जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजले तर चालते. जगाच्या नकाशावर मात्र तीच पट्टी फसवते. फिनलंडची राजधानी हेलसिंकी साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, जपानमधील तोक्यो ३६ अंशांवर. नकाशात या दोहोंना जोडणारी सरळ रेघ एकसारखी दक्षिणेकडे उतरत जाते. आता वर्गातला पृथ्वीगोल घेऊ आणि याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरू. दोरा हेलसिंकीहून प्रथम उत्तरेकडे चढतो, आर्क्टिक वृत्त ओलांडून ६७ अंशांपर्यंत जातो आणि मग सायबेरियावरून तोक्योकडे उतरतो! गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. त्याला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात.

गोलाचा व्यास ३२ सेंमी असेल तर परीघ सुमारे १०० सेंमी येतो. पृथ्वीचा परीघ ४०,००० किमी, म्हणून १ सेंमीला ४०० किमी. दोरा साडेएकोणीस सेंमी भरतो, म्हणजे अंतर ७,८०० किमी झाले. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला तर पावणेनऊ तास लागावेत. चढउतार आणि मार्गातली वळणे धरून प्रत्यक्षात साडेनऊ ते दहा तास लागत. या जवळच्या वाटेवरच फिनएअर या कंपनीने आपली आशियाई वाहतूक उभी केली होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि महिनाअखेर रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले. मार्चमध्ये फिनएअरने तोक्योची विमाने उत्तर ध्रुवावरून नेण्यास सुरुवात केली. दोरा पुन्हा लावू : हेलसिंकी, ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी, आणि कामचात्का उजवीकडे ठेवून तोक्यो. आता तो साडेसत्तावीस सेंमी लागतो, म्हणजे ११,००० किमी. प्रवास तेरा तासांवर गेला. शहरे जागची हलली नाहीत, पण तीन-साडेतीन तासांचे जादा इंधन जळू लागले. ही वाट नवी नव्हती. सोव्हिएत आकाश बंद असताना, १९८३ साली, याच कंपनीची डीसी-१० विमाने ध्रुवावरून मध्ये न थांबता तोक्योला जात.

वेळापत्रकावरून हे तेरा तास काढायला विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. समजा, विमान हिवाळ्यात संध्याकाळी ६ ला हेलसिंकीहून सुटले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी २ ला तोक्योस पोचले. वरवर पाहता २० तास झाले, पण तोक्योचे घड्याळ ७ तास पुढे असते!

‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर का पोचत नाही?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते, त्यामुळे तसा फायदा मिळत नाही. फरक पाडतात ते वारे. सुमारे १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. म्हणून जपानला जाताना युरोपीय विमाने पुष्कळदा मध्य आशियावरून वारा पाठीशी घेऊन जातात, आणि परतताना तोच वारा पाठीशी मिळावा म्हणून पूर्वेला पॅसिफिकवर शिरून अलास्का व ध्रुवप्रदेशावरून येतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्यांनी १९२६ चा अहवाल एस्परांटो भाषेत लिहिला, आणि म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही.