पाझर नदीत परततो, पण कोरा नाही

कालव्यातून पाझरलेले पाणी शेवटी नदीलाच मिळते, मग नुकसान कसले? असे अनेकांना वाटते, आणि पाण्याच्या हिशेबापुरते ते बरेचसे खरेही आहे. प्रश्न आहे तो क्षारतेचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणाचा). गाळणीतल्या चहापत्तीवर गरम पाणी ओतले, तर ते कपात रंग घेऊनच उतरते. जमिनीतून जाणाऱ्या पाण्याचेही तसेच होते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीकाठी ग्रँड व्हॅली नावाचे खोरे आहे. तिथल्या जमिनीखाली मँकोस शेल (प्राचीन समुद्राच्या गाळाचा, क्षारांनी भरलेला खडक) पसरला आहे. मातीचे कालवे आणि पाटपाण्याने भरलेली शेते यांतून झिरपलेले पाणी त्या खडकावरून वाहत नदीला मिळते आणि सोबत मीठ नेते. त्याची झळ मात्र थेट खालच्या मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांना बसली. 1973 मध्ये दोन्ही देशांत करार झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने क्षारता नियंत्रणाचा कायदा केला.

उपाय साधे आहेत: कालव्यांना काँक्रीटचे अस्तर, चाऱ्यांऐवजी बंद पाइप, शेतात तुषार किंवा ठिबक. यातून मीठ 'काढले' जात नाही. त्याला विरघळवणारे पाणीच कमी खाली जाते.

कृष्णाकाठच्या चोपण जमिनी पाहिलेल्यांना जास्त पाण्याचा हा खोडसाळपणा नवा नाही. तिथे मीठ रानातच वर येते. ग्रँड व्हॅलीत ते नदीत उतरते.