लेकराची पहिली शाळा : सरकारी दाराशीही एकदा जाऊन पाहा



होळी-रंगपंचमीचे दिवस आले की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "मूल तीन वर्षांचे झाले, आता कुठे घालावे?" आपली शाळा पहिलीपासून सुरू होते, त्यामुळे या प्रश्नात आमचा स्वतःचा फायदा-तोटा काही नाही. परंतु हेच मूल तीन वर्षांनी आमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसते आणि ते सोबत काय घेऊन आले आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळते. काही पालक आणखी एक प्रश्न विचारतात, पण आवाज जरा खाली करून. "आमच्या गल्लीत अंगणवाडी आहे हो, पण तिथे घातले तर लोक काय म्हणतील?" धार असो वा देवास, आपली मराठी घरे एकमेकांना चांगली ओळखतात, त्यामुळे 'लोक' हा शब्द आपल्याकडे जरा जास्तच वजनदार आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. घराजवळची सरकारी अंगणवाडी किंवा सरकारी शाळेतला बालवर्ग आपल्या यादीत असलाच पाहिजे. तिथे मूल घालावेच, असे आम्ही म्हणत नाही. पण न पाहताच तिच्या नावावर काट मारू नये, आणि जी कसोटी तिला लावाल तीच कॉन्व्हेंटची पाटी लावलेल्या नर्सरीलाही लावावी.

आधी वयाचे पाहू. पूर्वी पाच वर्षांचे मूलही सहज पहिलीत बसायचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि मध्य प्रदेशात आता नर्सरीला तीन, केजी-१ ला चार, केजी-२ ला पाच आणि पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे घरातून निघाल्यावर पहिलीच्या दारापर्यंत पोहोचायला मुलाला तीन पूर्ण वर्षे आहेत. २००९ च्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने (आपण सगळे 'आरटीई' म्हणतो तो) हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. सहाच्या खालच्या मुलांसाठी सरकारने सोय करावी, एवढेच त्यात सुचवले आहे. त्यामुळे ही तीन वर्षे कशी जातील, ते बरेचसे पालकांच्याच निवडीवर अवलंबून राहते.

सरकारी सोय दोन प्रकारची आहे आणि पालक नेहमी या दोहोंची गल्लत करतात. अंगणवाडी ही महिला एवं बाल विकास विभागाची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ विकासखंडांत प्रयोग म्हणून ही योजना सुरू झाली. तिच्याकडे लसीकरण, वजन, गरोदर मातांचा आहार अशी कामे आहेत, तसेच तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शाळापूर्व शिक्षणही आहे. ही शेवटची गोष्ट आपण विसरतो आणि "तिथे काय, खिचडी मिळते" एवढ्यावर विषय संपवतो. खिचडीलाही कमी लेखू नये. या वयाच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस ठरावीक कॅलरी आणि प्रथिने मिळावीत असा नियम आहे. डब्यात रोज बिस्किटाचा पुडा नेणाऱ्या मुलाच्या आईने हा हिशेब जरूर करून पाहावा. दुसरा प्रकार म्हणजे सरकारी शाळेच्या आवारातलेच बालवर्ग. ते सगळीकडे नाहीत. २०२५ पर्यंत ज्यांना सीएम राइज स्कूल म्हणत आणि आता सांदीपनि विद्यालय म्हणतात, त्यांची रचना केजीपासून बारावीपर्यंतची आहे. निवडक इतर शाळांतही असे वर्ग आहेत. चौकशीला जाताना एक लक्षात ठेवावे. धार जिल्ह्याच्या बऱ्याच भागात सरकारी शाळा जनजातीय कार्य विभागाकडे आहेत, म्हणून देवासच्या नातेवाइकांनी सांगितलेले कार्यालय धारमध्ये उपयोगी पडेलच असे नाही.

'अंगणवाडी' हा शब्द मुळात आपल्याच भाषेतला आहे. ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करीत. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तिथे महागडी मॉन्टेसरीची साधने कुठून येणार? मग शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने झाली. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, हाही शिक्षणाचाच भाग होता. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि पुढे अनुताईंना पद्मश्री. ज्या कल्पनेला आपल्या दोन शिक्षिकांनी आयुष्य दिले, ती आपल्या गल्लीत आली की आपल्यालाच संकोच वाटतो, याचे आम्हाला खरोखर नवल वाटते.

आता पाहायचे काय? इमारत, रंगवलेली भिंत, प्लास्टिकची घसरगुंडी हे सगळे शेवटी पाहा. आधी त्या बाईंना पाहा, ज्यांच्यासोबत आपले लेकरू रोज तीन-चार तास राहणार आहे. न कळवता, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जावे. दोन वेगवेगळ्या दिवशी गेलात तर अधिक चांगले. बाई मुलांच्या उंचीला वाकून बोलतात की खुर्चीवरून? मुलांची नावे त्यांना पाठ आहेत का? कोणी रडत असेल तर त्याला उचलून घेतात की "चूप बैठो" म्हणतात? मुले किती आहेत, आणि त्यांतली किती बोलत आहेत? चाळीस मुलांचा वर्ग अगदी शांत बसला असेल तर आम्हाला तरी काळजी वाटते. मुलांच्या हातात काही आहे का, माती, मणी, ठोकळे, जुने कागद? गोष्ट रोज होते का? संडास उघडा आहे की त्याला कुलूप आहे, पाणी कुठून आणतात, हे विचारायला लाजू नये.

आणि वह्या पाहून भुलू नये, हे आम्ही फार आग्रहाने सांगतो. आपल्याकडे नर्सरीची परीक्षा म्हणजे मुलाची वही. तीन वर्षांच्या मुलाने ए पासून झेडपर्यंत पान भरले की घरी पेढे वाटतात! जरा शरीराचा विचार करू. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात, एकेक करून हाड बनत जाते, आणि तीन वर्षांच्या वयात त्यांतली जेमतेम दोन-तीनच तयार झालेली असतात. बोटांवरचा ताबाही याच वयात हळूहळू येतो. त्या हाताला पेन्सिल घट्ट पकडून ओळीत लिहायला लावले, तर अक्षर येईलही, पण लिहिण्याचा कंटाळाही सोबत येईल. पीठ मळणे, मटार सोलणे, कागद फाडून चिकटवणे, रांगोळीचे ठिपके देणे, ही लिहिण्याचीच तयारी आहे. पहिलीत आमच्याकडे दोन तऱ्हेची मुले येतात. काहींना शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ असतात, पण पाच खडू आणायला सांगितले तर ती गोंधळतात. काहींना एकही अक्षर येत नाही, पण ती गोष्ट पुरी ऐकतात, स्वतः सांगतात, चप्पल जागेवर ठेवतात आणि "मला समजले नाही" असे म्हणू शकतात. दुसऱ्या तऱ्हेची मुले दिवाळीपर्यंत वाचू लागतात, असा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच सांगितले होते की लहान मुलांवर शिक्षणाचा अतिरेक लादू नये आणि नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचणी, मुलाखत बंद करावी. पुढे आरटीईच्या कलम १३ ने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावण्यास मनाई केली. तरीही "आईला इंग्रजी येते का" असे कोणी विचारले, तर त्या शाळेविषयी पुरेशी माहिती तुम्हाला तिथेच मिळाली, असे समजा.

सरकारी केंद्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्यकर्तीच्या मागे रजिस्टरे, सर्वेक्षण, घरभेटी, लसीकरणाचे दिवस आणि २०२१ पासून मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर. एका खोलीत तीन वर्षांचे आणि पावणेसहा वर्षांचे मूल एकत्र. तिला वेळ उरेल तेवढेच शिक्षण होते. जिथे कार्यकर्ती आणि सहायिका दोघी रोज येतात, तिथे एक स्वयंपाक-पाणी पाहते आणि दुसरी मुलांत बसते. जिथे एकीची जागा रिकामी आहे, तिथे काय होत असेल ते सांगायला नको. तुम्ही दोनदा गेलात आणि दोन्ही वेळा केंद्राला कुलूप दिसले, किंवा मुले फक्त ताट घेऊन आली आणि गेली, तर तिथे घालू नका. आम्ही स्वतःही घालणार नाही. पण खाजगी नर्सरीतही बाई दर सहा महिन्यांनी बदलत असतील, किंवा तीन वर्षांचे मूल मॅजिक गाडीत पाऊण तास कोंबून जात असेल, तर तीही तितकीच नापास. या वयात चालत जाण्याइतके अंतर हा मोठा गुण आहे. आजोबा सोडून येऊ शकतात, आणि मूल आजारी पडले तर आई दहा मिनिटांत पोहोचते.

भाषेचा प्रश्न आपल्या समाजाचा खास प्रश्न आहे. पवारांबरोबर आपली घराणी माळव्यात आली त्याला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. घरात मराठी, गल्लीत हिंदी-माळवी आणि पाटीवर इंग्रजी, अशी आज आपल्या मुलांची स्थिती आहे. अंगणवाडीत हिंदीच बोलली जाईल, मराठी मिळणार नाही. तरीही आम्हाला त्याची फारशी भीती वाटत नाही, कारण मुलाला ती हिंदी समजते, तिच्यात ते भांडू शकते, तक्रार करू शकते. जी भाषा घरात कोणीच बोलत नाही, तिच्यात तीन वर्षांचे मूल गप्प बसायला शिकते. शिवाय देवनागरी एकदा आली की दोन्ही भाषांचे वाचन उघडते. फक्त 'ळ' तेवढा राहतो. आमच्या पहिलीत दरवर्षी दोन-चार मुले 'बाळ'ला 'बाल' आणि 'फळा'ला 'फला' म्हणतात. गंमत अशी की माळवी बोलणाऱ्या घरातल्या सहायिकेच्या तोंडी 'ळ' अगदी ठसठशीत असतो! कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणामुळे देवासला आले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते आणि त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. ऐकण्याला एवढा मान असलेल्या गावात आपण तीन वर्षांच्या मुलाकडून थेट लिहिण्याची घाई करतो. असो. मराठीचे काम मात्र घराचे आहे. संध्याकाळी आजीने चिऊ-काऊची गोष्ट मराठीतच सांगावी, नातवाने हिंदीत उत्तर दिले तरी.

आरटीईच्या २५ टक्के जागांविषयी एक बारकावा. खाजगी शाळेत या जागा तिच्या सुरुवातीच्या वर्गात भरतात. शाळा नर्सरीपासून असेल तर नर्सरीत, पहिलीपासून असेल तर पहिलीत. दोन वर्षे अंगणवाडीत ठेवून नंतर अशा शाळेच्या पहिलीत मोफत जागा मिळवू, असा बेत असेल तर तो बहुधा फसतो. ही सोय वंचित गट आणि दुर्बल घटकांसाठी आहे, सोडत ऑनलाइन निघते आणि मिळालेली जागा आठवीपर्यंत मोफत असते. आमच्या पहिलीसाठी मात्र नर्सरीचा कोणताही दाखला आम्ही मागत नाही. मूल अंगणवाडीतून आले की नर्सरीतून, हे आम्ही फॉर्मवरही विचारत नाही.

विश्वस्त मंडळासमोर सध्या आपलीच इंग्रजी नर्सरी सुरू करण्याचा विचार आहे. मुलांची संख्या टिकवायची आहे, ही अडचण आम्हाला दिसते. आमची विनंती इतकीच की ती सुरू केली तर मुलांच्या संख्येच्या मानाने प्रशिक्षित बाई आणि मोकळी जागा आधी ठरावी, गणवेशाचा रंग मागाहून. आणि ते जमेपर्यंत शेजारच्या अंगणवाडीशी आपण नाते जोडू शकतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीही यात काम आहे. शनिवारी अर्धा तास जाऊन तिथल्या मुलांना एक गोष्ट सांगायची. आमची परवानगी आहे, कार्यकर्तीताईंची आधी घ्या.

शेवटी कागदपत्रांचे. जन्मदाखला, समग्र आयडी आणि असल्यास आधार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, आणि आधार नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा जन्मदाखलाच, म्हणून तो आधी काढून घ्यावा. आणि नाव तिन्हीकडे एकच असावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, तर इथल्या फॉर्मवर बरेचदा ते गळते. 'ज्ञानेश' असेल तर घरी 'द्न्यानेश' आणि बाबूंच्या तोंडी 'ग्यानेश', मग इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'डी' ने आणि दुसऱ्यावर 'जी' ने सुरू होते. ही दुरुस्ती मूल तीन वर्षांचे असतानाच करून घ्या. दहावीच्या फॉर्मच्या वेळी तिला फार फेऱ्या लागतात.